सोबतीबरोबर जंगलातली झिपलाइन सफर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं गाइडसोबतच्या सफरींसाठी आहेत. झाडांवर किंवा खांबांवर बांधलेल्या मचाणांवरून एकापाठोपाठ पाच ते दहा उतरत्या तारा पुलीला लटकून, घसरत पार करायच्या, मध्ये एखाददुसरा झुलता पूल आणि शेवटी कधीकधी दोरावरून उतरणं, अशी ही सफर असते. एकाच तारेच्या झिपलाइनला यातलं निम्मंच लागू पडेल.

दोघांना एकाच वेळी, एकाच तारेवरून जाता येतं का?

बहुतेक सफरींत नाही. एका तारेवर एका वेळी एकच माणूस, हा सर्वसाधारण नियम आहे आणि तो गाइडच्या मर्जीवर सोडलेला नसतो. समांतर दोन तारा असतील तर दोघं एकदम सुटू शकता. तेव्हाही हात धरायचे नाहीत. वजनातल्या फरकामुळे दोघांचा वेग वेगळा असतो आणि धरलेला हात दोघांनाही गरागरा फिरवतो.

काही ठिकाणी टँडेमची सोय असते, म्हणजे एकाच तारेवर दोन माणसं जोडून सोडतात. ती बहुधा हलक्या मुलासाठी किंवा फार घाबरलेल्या माणसासाठी राखलेली असते, आणि त्यातला दुसरा माणूस गाइड असतो, तुम्ही नाही. दोघांच्या वजनाचा वेग आवरण्याची सवय त्यालाच असते.

शिवाय तारेचा हिशेब आहे. ताणलेल्या तारेच्या मधोमध लटकलेला माणूस तिला नुसता आपल्या वजनाइतकाच ओढत नाही. समजा, १५० मीटरच्या तारेला माणूस मध्यावर असताना साडेचार मीटर झोळ पडतो. मग त्याच्यामुळे तारेत येणारा ताण त्याच्या वजनाच्या आठपटीहून थोडा जास्त भरतो: ८० किलोच्या माणसामुळे साडेसहाशे किलोंच्या वर. तारेच्या स्वतःच्या वजनाचा ताण वेगळाच. म्हणून तार कमी ताणलेली, झोळदार दिसली तर ती ढिली आहे असं समजून घाबरू नका. तो झोळ मोजून ठेवलेला असतो; तार जितकी सरळ खेचाल तितका ताण वाढतो.

मग सोबतीने जाण्यात अर्थ काय?

अर्थ मचाणावर आहे. १५० मीटरची तार ताशी सरासरी ३० किलोमीटर वेगाने १८ सेकंदांत संपते. अशा आठ तारा धरल्या तरी हवेत अडीच मिनिटंसुद्धा होत नाहीत. पण गटात आठ माणसं आणि दोन गाइड असतील, तर अडकवणं, इशारा, जाणं, उतरवणं, सोडवणं धरून माणशी दीड-दोन मिनिटं लागतात. म्हणजे एका तारेला पंधरा ते वीस मिनिटं आणि आठ तारांना दोन ते पावणेतीन तास. हा सगळा वेळ तुम्ही झाडाभोवतीच्या लहानशा फळीवर, पट्ट्याने बांधलेले, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे असता.

त्यामुळे सोबती निवडताना तो किती धाडसी आहे यापेक्षा त्याच्याबरोबर गप्प उभं राहायला तुम्हाला आवडतं का, हे बघा. सतत घाई करणारा माणूस तिसऱ्या तारेपर्यंत सगळ्या गटाला वैताग आणतो.

वजनाची मर्यादा किती असते?

खालची सहसा ३० ते ३५ किलो, वरची ११० ते १२५ किलो. प्रत्येक ठिकाणचा आकडा वेगळा असतो, कारण तो तिथल्या तारेचा उतार, लांबी आणि ब्रेक पाहून ठरतो. बुकिंग करताना दोघांचं वजन कपडे-बुटांसह सांगा. संकोचाने पाच-सात किलो कमी सांगणारे बरेच असतात. गाइड तो आकडा बघूनच क्रम आणि ब्रेक ठरवतो, तेव्हा या खोटेपणाचा त्रास थेट तुमच्याच उतरण्याला होतो. बऱ्याच ठिकाणी तिथल्या तिथे वजनकाट्यावर उभं करतात, ते उत्तमच.

वरची मर्यादा फक्त वजनाची नसते. कंबर आणि मांड्यांचा घेरही हार्नेसमध्ये, म्हणजे ज्यात बसून लटकायचं त्या पट्ट्यांच्या साजात, नीट बसावा लागतो.

माझं वजन ९५ किलो, सोबतीचं ४५. काही अडचण?

अडचण नाही, पण तुम्हा दोघांना एकाच तारेवर वेगवेगळा अनुभव येईल. जड माणूस वेगाने जातो, हलका हळू. वाऱ्याचा विरोध दोघांना साधारण सारखाच असतो आणि तो भेदायला हलक्या माणसाकडे वजन कमी पडतं. तेव्हा ९५ किलोच्या माणसाला ब्रेक आधी आणि जास्त लावावा लागेल. ४५ किलोच्या माणसाने मात्र ब्रेकला हातही न लावता गुडघे पोटाशी घेऊन अंग आखडून जायचं, नाहीतर तो मचाणाच्या अलीकडेच थांबेल. समोरून वारा असेल तर हे आणखी ठळकपणे जाणवतं.

एकाने दुसऱ्याला 'मी इथे ब्रेक लावला, तूही इथेच लाव' असा सल्ला देऊ नये. गाइड प्रत्येकाला वेगळं सांगतो, ते बरोबर असतं.

अंगावर नेमकं काय काय चढवतात आणि ते नीट बसलंय हे कसं ओळखायचं?

हेल्मेट, हार्नेस, हातमोजे, दोन पट्टे (यांना लॅनयार्ड म्हणतात) आणि ट्रॉली. ट्रॉली म्हणजे तारेवर धावणारी, एकामागे एक दोन चाकं असलेली पुली. एक लॅनयार्ड ट्रॉलीला जोडलेला, दुसरा सुटा तारेवर किंवा दुसऱ्या सुरक्षा-तारेवर. दोन्ही टोकांना कॅराबिनर, म्हणजे आपोआप बंद होऊन लॉक होणारी कडी.

हार्नेसचा कमरपट्टा कमरेच्या हाडांच्या वर बसला पाहिजे, त्यांच्यावर नव्हे. खाली सरकलेला पट्टा उलटं झाल्यावर निसटू शकतो. घट्ट केल्यावर पट्ट्याखाली सपाट पंजा सरकवता यावा, पण मूठ वळवता येऊ नये. मांडीचे पट्टे थेट जांघेपर्यंत वर आणि पीळ न पडलेले हवेत. बकलमधून पट्टा परत उलटा ओवायचा प्रकार असेल, तर तो ओवलाय ना ते बघा, आणि पुढे किमान चार बोटं शेपूट उरलं पाहिजे. शर्ट वर गोळा होऊन पट्टा उघड्या कातडीवर येत असेल तर आत्ताच नीट करून घ्या. दोन तासांनी तिथे सोलवटतं.

हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटांवर. हनुवटीचा पट्टा लावल्यावर डोकं जोरात हलवा, हेल्मेट डोक्याबरोबर फिरलं पाहिजे. मागे कलंडून कपाळ उघडं पडत असेल तर ते घातलं काय आणि नाही काय.

कॅराबिनरचं एक लक्षात ठेवा. पूर्ण लॉक झालेला साधा कॅराबिनर २० किलोन्यूटन, म्हणजे साधारण दोन टन ओढ सहन करतो. त्याचं तोंड उघडं राहिलं तर ही क्षमता जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येते. म्हणून गाइड प्रत्येक कडी अडकवल्यावर बोटाने दाबून बघतो. तो दाबत नसेल तर तुम्ही 'एकदा बघता का?' असं विचारा. चांगल्या गाइडला हा प्रश्न आवडतो.

सोबत्याचा हार्नेस बघायला हरकत नाही, पण बघायचा डोळ्यांनी. बकल, कडी, पट्टा, यातलं काहीही एकमेकांचं हाताने सैल-घट्ट करू नका. कोणाच्या तपासणीनंतर काय बदललं, हे मग कोणालाच कळत नाही. काही खटकलं तर गाइडला बोलवा.

सुटायचं कसं? उडी मारायची का?

उडी नाही. मचाणाच्या कडेवर या, गुडघे वाकवून हार्नेसमध्ये बसा, लॅनयार्ड ताठ होऊ द्या, मग पाय उचला. इतकंच. उडी मारली की पट्टा क्षणभर ढिला पडतो आणि मग झटका बसतो, तार उसळते आणि माणूस पहिल्या दहा मीटरमध्येच फिरायला लागतो.

आणि गाइडच्या होकाराशिवाय कडेवर यायचंच नाही. पलीकडचा गाइड 'तार मोकळी' असं कळवतो, मगच इकडचा तुम्हाला सोडतो. वॉकी-टॉकीचा खरखराट ऐकून 'झालं वाटतं' म्हणून पुढे सरकणारे दर गटात एकजण तरी असतात.

ब्रेक माझ्या हातात असतो की आपोआप लागतो?

दोन्ही पद्धती आहेत, बुकिंगआधीच विचारा.

हाताच्या ब्रेकमध्ये जाड चामडं लावलेला हातमोजा घालून तुम्ही तार वरून दाबता. तळहात सपाट, बोटं न वळवता, आणि हात नेहमी ट्रॉलीच्या मागे, साधारण वीतभर अंतरावर. ट्रॉलीच्या पुढे हात गेला तर ती बोटांवरून जाते. मूठ आवळून तार धरली तर खांद्याला हिसका बसतो. लवकर ब्रेक लावणं ही नवख्यांची सगळ्यात मोठी चूक: मचाण जवळ दिसलं की हात आपोआप दाबला जातो आणि माणूस वीस मीटर अलीकडे अडकतो. गाइडचा इशारा येईपर्यंत हात तारेवर नुसता टेकवून ठेवा, दाबू नका.

आपोआप लागणाऱ्या पद्धतीत तारेच्या शेवटी स्प्रिंग, रबरी दोर किंवा चुंबकीय ब्रेक असतो. ट्रॉली त्याच्या ठोकळ्याला धडकते आणि काही मीटरमध्ये थांबते. आवाज मोठा येतो, झटकाही बसतो. मान सैल सोडू नका. कोणतीही पद्धत असो, वेगाच्या तारांवर मुख्य ब्रेक चुकला तर सांभाळणारा दुसरा, स्वतंत्र ब्रेक असायला हवा. 'मुख्य ब्रेक लागला नाही तर काय?' हा प्रश्न फोनवर विचारलात आणि समोरचा अडखळला, तर दुसरी जागा शोधा.

मधेच अडकलो तर?

मचाणाच्या थोडं अलीकडे थांबलात, तर पहिल्या सेकंदालाच दोन्ही हातांनी तार धरा. शेवटच्या टप्प्यात तार पुढे चढती असते. तुम्ही धरलं नाही तर ट्रॉली मागे झोळाच्या तळाकडे घसरत जाते आणि पाच मीटरचं काम पन्नास मीटरचं होतं.

मग अंग वळवून समोरच्या मचाणाकडे पाठ करा. हात डोक्यावरून मागे, मचाणाच्या दिशेला तारेवर टाका आणि हातामागून हात घेत स्वतःला ओढा. एक हात कायम तारेवर राहिला पाहिजे. पाय वर आणि एकत्र ठेवलेत तर ओढणं सोपं जातं. इथे हात ट्रॉलीच्या पुढे येतो खरा, पण तुम्ही थांबलेले आहात म्हणून चालतं. धावत्या ट्रॉलीपुढे कधीच नाही. हातमोजे काढू नका, तारेच्या तुटलेल्या बारीक काड्या कातड्यात घुसतात.

दमलात तर नुसते लटकून राहा, गाइड येऊन घेऊन जाईल. फक्त त्या वेळात पाय हलवत राहा: सायकल मारल्यासारखे, गुडघे वर-खाली. हार्नेसमध्ये निश्चल लटकलं की पायांतलं रक्त वर यायला अडतं आणि चक्कर येऊ शकते. मळमळ किंवा भोवळ वाटली तर लाजू नका, ओरडून सांगा.

मचाणावरच्या सोबत्याने या वेळी वरून सूचना देऊ नयेत. अडकलेल्याला एकच आवाज ऐकू यायला हवा, तो गाइडचा.

सोबती घाबरट आहे. काय करावं?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू: 'घाबरू नकोस' आणि 'खाली बघू नकोस' या दोन्ही वाक्यांचा काही उपयोग नसतो. पहिलं ऐकून माणूस घाबरल्याबद्दल ओशाळतो, दुसरं ऐकून हमखास खाली बघतो. त्याऐवजी करण्यासारखं एक छोटं काम द्या: 'ट्रॉलीकडे बघ', 'समोरच्या गाइडचं हेल्मेट कुठल्या रंगाचं आहे?', 'श्वास सोड'. भीतीने माणसं श्वास धरून ठेवतात, सोडायला सांगितलं की खांदे खाली येतात.

क्रम महत्त्वाचा. सगळ्यात शेवटी ठेवलेला घाबरट माणूस वीस मिनिटं इतरांना जाताना बघत स्वतःची भीती वाढवतो. सगळ्यात पहिला गेला तर त्याने कोणाला सुखरूप पोचताना पाहिलेलं नसतं. म्हणून गटातले एक-दोघं जाऊ द्या, मग तो, मग लगेच तुम्ही. तुम्ही त्याच्या आधी जाऊ नका, निदान पहिल्या तारेला तरी. कारण साधं आहे: तुम्ही पलीकडे पोचलात आणि तो अलीकडे थिजला, तर तुम्हाला परत येता येत नाही. तुम्ही त्याच्या मागे असताना त्याने नकार दिला, तर दोघं एकाच मचाणावर असता आणि बरोबर खाली उतरू शकता. दुसऱ्या-तिसऱ्या तारेपासून क्रम त्यालाच ठरवू द्या. बहुतेकांना तोवर पुढे जाऊन तुम्हाला पोचताना बघायला आवडायला लागतं.

निघण्याआधी, जमिनीवर असतानाच, दोन गोष्टी ठरवून टाका. एक, तो थांबला तर तुम्ही थांबणार की पुढे जाणार. दोन, 'बास' हा शब्द कोणी म्हटला की पुढे समजूत घालायची नाही. मचाणावर, सहा अनोळखी माणसांसमोर ही चर्चा फार वाईट होते.

मचाण मुद्दाम हलवणं, पुलावर उड्या मारणं, मागून हळूच ढकलल्यासारखं करणं, या गमती गाइड पहिल्यांदा समज देऊन आणि दुसऱ्यांदा सफर थांबवून संपवतात. योग्यच करतात.

मधून परत फिरता येतं का?

सुरुवातीला जमिनीजवळ एक सरावाची छोटी तार असते. तिथे नको वाटलं तर सरळ चालत बाहेर. पहिल्या-दुसऱ्या खऱ्या तारेनंतर मात्र चालत परतीचा रस्ता असेलच असं नाही, काही मचाणांच्या खाली दरी किंवा ओढा असतो. तरी कुठूनही दोराने खाली सोडण्याची तयारी गाइडकडे असते. वेळ लागतो, पण त्यात नामुष्की काही नाही. खाली उतरण्याच्या जागा कुठल्या मचाणांवर आहेत, हे सरावाच्या वेळीच विचारून ठेवा.

कोणत्या आजारात जाऊ नये?

गरोदरपणात नाही, कितवाही महिना असो. पाठ, मान, खांदा किंवा गुडघ्याची अलीकडे झालेली शस्त्रक्रिया, नुकतं जुळलेलं हाड, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा फिट्स, हृदयविकार: आधी डॉक्टरांना विचारा आणि 'झिपलाइन' एवढंच न सांगता 'हार्नेसमध्ये लटकायचं आहे, थांबताना झटका बसतो, पायऱ्या चढायच्या आहेत' असं सांगा. चढाईचं लोक विसरतात. पहिल्या मचाणापर्यंतची वाट हाच अनेकांना सफरीतला सगळ्यात दमवणारा भाग वाटतो.

दमा असेल तर इनहेलर चेनच्या खिशात किंवा गाइडच्या पिशवीत. मधुमेह असेल तर खाऊन निघा आणि गोड काहीतरी जवळ ठेवा, कारण तीन तास परतीची सोय नसते. सोबत्याला तुमच्या औषधाची जागा ठाऊक असू द्या. दारू पिऊन आलात तर सोडणार नाहीत, आदल्या रात्रीची उतरलेली नसेल तरीही.

फॉर्मवर खरं लिहा. जो आजार सोबत्यापासूनही लपवायचा आहे, तो गाइडला बाजूला घेऊन सांगता येतो.

काय घालावं?

पूर्ण पँट किंवा निदान मांडी झाकेल एवढी लांब शॉर्ट्स, मांडीचा पट्टा कातडीला लागता कामा नये. पुढून बंद बूट, नाडी दुहेरी गाठीची. चप्पल पायातून उडते आणि खाली कोणीतरी असतं. अंगठ्या, लोंबते कानातले, गळ्यातली साखळी, ओढणी, स्कार्फ, हूडची दोरी हे सगळं काढून ठेवा. लांब केस बांधून शर्टाच्या आत. हे सौंदर्याचं नाही, ट्रॉलीच्या चाकात केस सापडले तर माणूस तारेच्या मध्यावर डोक्याने अडकतो आणि कात्री लागते.

कीटक पळवणारं औषध हार्नेस चढवण्याआधी लावा आणि वाळू द्या. त्यातलं डीट हे रसायन काही प्लॅस्टिक मऊ पाडतं, म्हणून हेल्मेट आणि पट्ट्यांवर फवारू नका.

चष्मा, लेन्स, श्रवणयंत्र?

चष्म्याला मागून पट्टा लावा. लेन्स असतील तर वाऱ्याने डोळे कोरडे पडतात, वर साधा चष्मा बरा. श्रवणयंत्र हेल्मेटखाली शिट्टी मारतं. काढणार असाल तर गाइडला सांगून हाताचे इशारे आधी पाठ करा. 'ब्रेक लाव', 'ब्रेक सोड' आणि 'पाय वर' हे तीन पुरतात. ऐकू न येणारे किंवा न दिसणारे सोबतीही ही सफर करतात, पण बुकिंगच्या वेळीच कळवायला हवं, म्हणजे त्या गटात एक गाइड जास्त ठेवता येतो.

पाऊस आला तर?

रिमझिम पावसात सफर बहुधा चालू राहते. ओली तार घसरडी होते, हातमोजा नीट पकड घेत नाही, त्यामुळे हाताच्या ब्रेकने थांबायला जास्त अंतर लागतं. गाइड ब्रेकचा इशारा लवकर देईल, तो आला की लगेच दाबा.

विजेच्या बाबतीत तडजोड नाही. गडगडाट ऐकू आला की तारा बंद, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तरी सुरू करायच्या नाहीत, हा सर्वमान्य नियम आहे. लांबलचक पोलादी तार आणि उंच झाड, या दोन्हींशी त्या वेळी बांधलेलं राहण्यात शहाणपण नाही. पैसे परत मिळतात की पुढची तारीख, हे बुकिंग करतानाच वाचा.

जोराचा वाराही सफर थांबवतो. अशा वेळी हलकी माणसं पोचत नाहीत आणि झाडांच्या फांद्या तारेवर पडतात.

मचाण हलतं. हे बरोबर आहे का?

हो. झाड जिवंत आहे, वाऱ्याने आणि तार ओढली गेल्याने ते थोडं डोलणारच. कोणी तारेवरून सुटलं की खोड क्षणभर मागे जातं, ते पायांना कळतं. काही मचाणं खोडाला आरपार बोल्टने, काही लाकडी ठोकळ्यांच्या पकडीने बसवतात. पकडीची मचाणं खोड जाड होईल तशी सैल करत जावी लागतात. झाडांची तपासणी वृक्षतज्ज्ञाकडून होते का, हे विचारण्याजोगं आहे. फळी कुजकी दिसली, बोल्टभोवती साल काळी पडून पाणी गळत असेल, तर मात्र गाइडला दाखवा.

चांगली जागा कशी ओळखायची?

युरोपात ईएन १५५६७ आणि अमेरिकेत एएसटीएम एफ २९५९ ही मानकं चालतात, शिवाय एसीसीटी या संस्थेची मानकंही बरीच वापरली जातात. यापैकी कशाप्रमाणे बांधलंय आणि बाहेरच्या तपासनीसाने शेवटची वार्षिक तपासणी केव्हा केली, असं विचारा. रोज सकाळी उघडण्याआधी गाइडने प्रत्येक तार स्वतः पार करून नोंद करायची असते, ती वही मागून बघता येते.

प्रमाणपत्रांपेक्षा डोळ्यांना दिसतं ते जास्त सांगतं. हार्नेसच्या शिवणीजवळचं लेबल वाचा. कापडी हार्नेसचं आयुष्य बहुतेक उत्पादक जास्तीत जास्त १० वर्षं धरतात, कमी वापरला असला तरी. लेबल पुसलेलं, धागे उसवलेले, पट्टा उन्हाने पांढुरका आणि कडक झालेला असेल तर दुसरा मागा. आठ जणांमागे दोन गाइड ही चांगली खूण. एकच गाइड असेल, तर पाठवणारा तो आणि पकडणारा कोण, हा प्रश्न उरतो. मचाणावर पोचल्यावर ट्रॉली सोडवण्याआधी तुमचा दुसरा पट्टा झाडाभोवतीच्या सुरक्षा-दोराला अडकवला जातो का, हे पहिल्याच मचाणावर बघा. एक क्षणही दोन्ही पट्टे मोकळे नकोत.

फोन नेऊ का? एकमेकांचे फोटो कसे काढायचे?

मनगटाला किंवा गळ्याखाली दोरीने बांधलेला असेल तरच, आणि तोही मचाणावर असताना. तारेवर दोन्ही हात कामात असतात. पोचलेल्याने येणाऱ्याचा फोटो काढणं सगळ्यात सोपं, पण गाइडच्या मागे उभं राहून. उतरण्याच्या जागेत घुसलात तर येणाऱ्याचे पाय तुमच्या छातीवर येतात. हेल्मेटवर कॅमेरा लावणं पुष्कळ ठिकाणी बंद आहे, कारण त्याची चौकट लॅनयार्डमध्ये अडकते.

झुलते पूल आणि दोरावरून उतरणं अवघड असतं का?

पुलावर गाइड सांगेल तितकीच माणसं चढा, बहुधा एकावेळी एक. कठड्याच्या दोराला घट्ट लोंबकळू नका, त्याने पूल बाजूला झुकतो. पावलं छोटी, सोबत्याच्या तालावर नव्हे. शेवटच्या दोर-उतरणीत वेग गाइड खालून किंवा वरून आवरतो, तुम्ही फक्त मागे रेलून बसायचं.

स्वच्छतागृहाचं काय?

हार्नेस चढवण्याआधी जाऊन या. मधे सोय नसते. जमिनीवर परत आल्यावर कारणपरत्वे हार्नेस काढलात, तर तो पुन्हा गाइडनेच तपासायचा, स्वतःच बकल लावून रांगेत येऊ नका.

दुसऱ्या दिवशी अंग दुखतं का?

मांडीच्या आतल्या बाजूला पट्ट्याचे वळ, दंडांत आणि पोटात ठणका, हे दोन दिवस चालतं. जो जास्त वेळा अडकून हातांनी ओढत पोचला त्याचे दंड जास्त दुखतात. पण उतरताना पाय आपटून घोटा सुजला असेल आणि त्यावर वजन टाकता येत नसेल, तर तो ठणका समजून थांबू नका, एक्स-रे काढून घ्या. जांघेत बधिरपणा किंवा मुंग्या एका दिवसात गेल्या नाहीत, तरीही डॉक्टरांना दाखवा.